छपरावरच्या विजेची वही आपल्याच घरात हवी

कोरपना तालुक्याची ओळख सिमेंटची. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील कारखान्यांच्या चिमण्या दुरूनच दिसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी, चंद्रपूरला, देशातील मोठ्या औष्णिक वीज केंद्रांपैकी एक उभे आहे. दगड आपला, कोळसा आपला आणि वीजही आपल्याच जिल्ह्यात तयार होणारी. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर वादळ सुटले की लाईट जाते, आणि उन्हाळ्यात पंखा व कूलर लावून बसणाऱ्याला महिन्याचे बिल पाहून घाम फुटतो. अशा ठिकाणी लोकांनी छपरावर सोलर प्लेटा बसवायला सुरुवात केली, यात नवल नाही. आम्ही या बदलाचे स्वागत करतो. मात्र या नव्या मालमत्तेकडे आपले व्यापारी बंधू ज्या नजरेने पाहत आहेत, त्याविषयी आज दोन शब्द स्पष्ट बोलणे आवश्यक झाले आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरे हे तिचे उद्दिष्ट. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान या योजनेत ठरले. दुकान, वर्कशॉप, बेकरी यांच्या व्यापारी जोडणीला हे अनुदान नाही. तेथे सगळा पैसा गाठचाच. तीन किलोवॅटचा संच अनुदान धरण्यापूर्वी दीड ते दोन लाखांच्या घरात जातो. छोट्या दुकानदाराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. एखाद्याने एवढ्या भांडवलाचे दुसरे दुकान काढले असते, तर तो रोज संध्याकाळी गल्ला मोजल्याशिवाय घरी गेला नसता. पण हेच भांडवल छपरावर चढले की त्याची रोजची आवक किती, हे विचारायला कोणी वर पाहत नाही. महिन्याचे बिल कमी आले म्हणजे सोलर चालू आहे, एवढ्यावर समाधान मानले जाते.

हे समाधान महाग पडते, असे आमचे मत आहे. छपरावरच्या इन्व्हर्टरला एक साधी वायर लावून ती घरच्या कॉम्प्युटरला जोडावी आणि विजेचा रोजमेळ आपल्या घरात आपण ठेवावा, हा आजच्या लेखाचा मुद्दा आहे. कंपनीचे मोबाईल ॲप असले तरीही ठेवावा. तो का, कसा आणि त्यातून आपल्या तालुक्यातील तरुणांना धंदा कसा उभा राहतो, ते आता क्रमाने पाहू.

मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘इन्व्हर्टर’ म्हटले की बॅटरीवर चालणारा, लाईट गेल्यावर दोन पंखे फिरवणारा डबा डोळ्यांसमोर येतो. सोलरचा इन्व्हर्टर निराळा. प्लेटांमधून येणारी एकदिश वीज घरात वापरता येईल अशा २३० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहात बदलणे, हे त्याचे मुख्य काम. अनुदानाच्या योजनेत बसवले जाणारे बहुतेक संच बॅटरीविना, महावितरणच्या लाईनला जोडलेले असतात. लाईन गेली की हा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला खालून करंट लागू नये, म्हणून ही व्यवस्था आहे. तेव्हा भर दुपारी दोन तास लाईट नसेल, तर ऊन कितीही कडक असो, त्या दोन तासांची कमाई शून्य. संच बसवताना ही गोष्ट किती जणांना समजावून सांगितली जाते?

महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम वीज नियामक आयोगाने प्रथम २०१५ मध्ये केले आणि २०१९ मध्ये ते नव्याने आले. नेट मीटर दोनच गोष्टी मोजतो : लाईनवरून आपण किती युनिट घेतले आणि लाईनला किती दिले. प्लेटांनी तयार केलेली जी वीज घरातल्या घरातच वापरली गेली, ती या मीटरच्या खिजगणतीत नसते. निर्मितीचा वेगळा मीटर बसवलेला असला, तरी तो एकूण आकडा सांगेल. कोणत्या दिवशी, किती वाजता, कशामुळे घट झाली ते सांगणार नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर बिल हा वर्षअखेरचा ताळेबंद झाला, त्यावरून चोरी कोणत्या दिवशी झाली ते कळत नाही. त्यासाठी कीर्दच लागते.

ही कीर्द इन्व्हर्टरच्या पोटात तयार होतच असते. प्लेटांकडून किती व्होल्ट व किती अँपिअर येत आहेत, बाहेर किती वॅट जात आहेत, लाईनचा दाब किती, यंत्र आतून किती तापले आहे, आज एकूण किती युनिट झाले आणि बिघाड असल्यास त्याचा क्रमांक कोणता, हे सर्व आकडे तो क्षणोक्षणी मोजत असतो. कारण त्याशिवाय त्याला स्वतःचे काम करता येत नाही. प्रश्न एवढाच की ते आकडे कोण वाचतो आणि कोणाच्या वहीत उतरतात.

नुकसान किती, ते आकड्यांत

महाराष्ट्रात एक किलोवॅट संचातून महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे तीन किलोवॅटला महिन्याला ३६०, दिवसाला सुमारे १२ युनिट. आपल्या भागात या आकड्याला दोन शत्रू आहेत : धूळ आणि उष्णता.

सिमेंटचे कारखाने, चुनखडीच्या खाणी आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक यांमुळे गडचांदूर-नांदा परिसरातील छपरांवर जी धूळ बसते, ती शेतातल्या मातीसारखी नसते. हिवाळ्यातील दव पडून सिमेंटची धूळ ओली झाली की तिचा थर काचेला चिकटतो आणि मग नुसत्या पाण्याने निघत नाही. समजा, या थराने उत्पन्न १५ टक्क्यांनी घटले. महिन्याला ५४ युनिट गेले. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याचे ४३२, वर्षाचे पाच हजारांवर. हे पैसे कोणी खिशातून काढून नेत नाही, म्हणून जात असल्याचे जाणवत नाही. घट हळूहळू होते आणि बिलातील बदल मालक कधी ढगांच्या नावे, कधी नव्या फ्रीजच्या नावे लिहून मोकळा होतो.

उष्णतेची गोष्ट याहून वेगळी आहे. जेवढे ऊन अधिक तेवढी वीज अधिक, हा समज अर्धाच खरा आहे. प्लेटेवर जो वॅटचा आकडा छापलेला असतो, तो २५ अंश तापमानाचा असतो. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पन्न घटते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात हवा ४५ अंशांपुढे जाते; तेव्हा टिनाच्या छपरावरची काळी प्लेट सहज ६५ अंशांवर पोहोचते. २५ पासून ६५ म्हणजे ४० अंश. अंदाजे १४ टक्के घट. तीन किलोवॅटच्या संचाने भर दुपारी अडीच-पावणेतीन किलोवॅटच दिले, तर त्यात संच देणाऱ्याची काही लबाडी नाही. हा निसर्गाचा वाटा आहे.

घरच्या वहीचे महत्त्व येथेच दिसते. निसर्गाचा वाटा किती, धुळीचा किती, लाईनच्या दोषाचा किती आणि यंत्राच्या बिघाडाचा किती, हे वेगवेगळे करून दाखवणारी तीच एक. रोजच्या आलेखात दुपारी वक्र हळूच दबलेला दिसला, तर उष्णता. महिनाभर शिखर थोडे थोडे खाली येत गेले आणि एका पावसात पुन्हा वर चढले, तर धूळ. रोज ठराविक वेळी खड्डा पडत असेल, तर शेजारच्या पाण्याच्या टाकीची, टॉवरची किंवा वाढलेल्या कडुनिंबाची सावली. एके दिवशी अचानक उत्पन्न घटून तसेच राहिले, तर प्लेट किंवा तिचा जोड गेला. आणि वीज एकदम शून्यावर जाऊन काही मिनिटांनी परत येत असेल, व त्याच वेळी लाईनचा दाब २५० व्होल्टच्या पुढे नोंदला गेला असेल, तर दोष संचाचा नाही, डीपीवरून येणाऱ्या दाबाचा आहे. ती नोंद घेऊन महावितरणच्या कार्यालयात जाणाऱ्याचे म्हणणे आणि ‘साहेब, सोलर नीट चालत नाही’ असे नुसते तोंडी सांगणाऱ्याचे म्हणणे, यांच्या वजनात फरक पडणारच.

प्रामाणिक एजन्सीवाल्यालाही अशी वही हवीशी वाटली पाहिजे. गिऱ्हाईकाने मे महिन्यात भांडण काढले, तर तापमानाचा आकडा दाखवून त्याला आपली बाजू मांडता येते.

ॲप आहे, मग वायर कशाला?

हा प्रश्न हमखास विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. हल्ली बहुतेक इन्व्हर्टरसोबत एक वायफायची छोटी कांडी मिळते. ती घरच्या इंटरनेटवरून आकडे कंपनीच्या सर्व्हरवर पाठवते आणि तेथून ते आपल्या मोबाईलवर दिसतात. सोय चांगली आहे. ती बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यावरच विसंबणे म्हणजे आपली वही दुसऱ्याच्या पेढीवर ठेवून रोज जाऊन पाहून येण्यासारखे आहे. पेढीचे दार उघडे आहे तोवर ठीक.

पहिली अडचण इंटरनेटची. आपल्या खेड्यांतून नेट कधी असते, कधी नसते. दुसरी अडचण खात्याची. संच बसवणारा मुलगा घाईघाईत आपल्याच मोबाईल नंबरवर खाते उघडतो, मालकाला ‘पाहण्यापुरती’ परवानगी देतो; पुढे तो नोकरी सोडतो किंवा एजन्सी बंद पडते आणि खात्याची किल्ली कोणाकडे आहे, तेच कळत नाही. तिसरी अडचण दूरच्या हातांची. बहुसंख्य इन्व्हर्टर चीनमध्ये बनतात आणि ज्या मार्गाने आकडे बाहेर जातात, त्याच मार्गाने हुकूम आतही येऊ शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एका चिनी कंपनीचे काही इन्व्हर्टर दुरूनच बंद पाडले गेल्याची बातमी गाजली. मुळात वाद होता तो तेथे माल विकण्याच्या हक्काचा, पण अंधारात बसले गिऱ्हाईक. त्याच महिन्यात लिथुआनिया या लहानशा देशाच्या संसदेने १०० किलोवॅटपेक्षा मोठ्या सौर व पवन संचांवर चीनमधून दूरचे नियंत्रण असू नये, असा कायदा केला. आपल्याकडेही २०२५ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सूर्यघर योजनेतील इन्व्हर्टरची माहिती देशातील सर्व्हरकडे जावी, असा आग्रह धरला. सरकारने आपले काम करावेच. परंतु सर्व्हर दिल्लीत आला म्हणून वही घरी आली, असे होत नाही.

शेतकऱ्यांचा अनुभव येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतील सौर पंपांना दूरवरून नजर ठेवणारे, सिमकार्डचे यंत्र बसवण्याची व्यवस्था आहे. पंप किती तास चालला, किती वीज लागली, हे दूर कार्यालयातल्या पडद्यावर उमटते. योजनेवर देखरेखीसाठी ते आवश्यकही आहे. पण कार्यालयासाठी उमटलेला आकडा बांधावर उभ्या असलेल्या धन्याच्या हिशेबाला लागलाच, असे नाही. घरच्या संचाच्या बाबतीत तरी ही वेळ आपण आपल्यावर का आणावी?

मोजण्याने काय साधते, याचा धडा जर्मनीने फार पूर्वी घालून दिला. १९९० साली तेथे ‘हजार छपरे’ नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि काही वर्षांत दोन हजारांहून अधिक घरांवर संच बसले. नुसते बसवून ते थांबले नाहीत. उत्पन्न मोजण्याची व्यवस्था कार्यक्रमातच होती. या मोजमापातून सावली, कमी वॅटच्या प्लेटा, सदोष जोडण्या असे दोष उघडकीस आले आणि पुढच्या संचांत ते सुधारले गेले. पुढे या धंद्यात जर्मनीने जे नाव कमावले, त्याला या वह्यांचा हातभार लागला.

जोडणी कशी असते

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बहुतेक सोलर इन्व्हर्टरच्या तळाशी माहितीच्या वायरसाठी एक खाच असते. कोठे ती टेलिफोनच्या पिनेहून थोडी रुंद असते, कोठे दोन-तीन स्क्रूंची पट्टी. तिच्यावर ‘आरएस-४८५’ असे लिहिलेले आढळेल. आरएस-४८५ ही १९८३ सालापासून चालत आलेली पद्धत आहे. एकमेकींना पीळ दिलेल्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन वायरींवरून आकडे धावतात. पीळ असल्यामुळे आजूबाजूच्या मोटारींचा व्यत्यय कमी होतो आणि हजार-बाराशे मीटरपर्यंत संदेश सुखरूप जातो. काही जुन्या व बॅटरीच्या इन्व्हर्टरना आरएस-२३२ ही त्याहून जुनी पद्धत असते. तिची धाव १५ मीटरच्या आसपास. घर मोठे असेल, तर हा फरक लक्षात ठेवावा.

वायरीवरून जी भाषा बोलली जाते, तिचे नाव मॉडबस. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने १९७९ मध्ये ती कारखान्यांतील यंत्रांसाठी तयार केली. या भाषेत कॉम्प्युटर मालक आणि इन्व्हर्टर नोकर. मालकाने खाते क्रमांक पुकारावा, नोकराने त्या खात्यातला आकडा सांगावा. कोणत्या खात्यात कोणता आकडा, याचा तक्ता कंपनीकडे असतो. त्याला रजिस्टरचा तक्ता म्हणतात. हा तक्ता हाती नसेल, तर आकडे येतील पण अर्थ लागणार नाही.

कॉम्प्युटरच्या बाजूला यूएसबीमध्ये बसणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. साधा कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो. इंटरनेटसाठी वापरतात त्या केबलमधील पिळाची एक जोडी वायर म्हणून चालते. इन्व्हर्टरचा ‘ए’ कन्व्हर्टरच्या ‘ए’ला, ‘बी’ ‘बी’ला. उत्तर आले नाही तर दोन्ही वायरी उलटसुलट करून पाहाव्यात. यात यंत्राचे नुकसान होत नाही, आणि काही कन्व्हर्टरवर खुणाच उलट छापलेल्या असतात. दर सेकंदाला किती संकेत धावावेत तो वेग, बहुधा ९६००, आणि यंत्राचा पत्ता, बहुधा १, हे माहितीपुस्तकात पाहून भरले की बोलणे सुरू होते. आकडे वाचून नोंदवणारी फुकट मिळणारी चांगली प्रोग्रॅम आहेत. मिनिटाला एक ओळ लिहिली तरी दिवसाला १,४४० ओळी होतात. प्रत्येक ओळ शंभर अक्षरांची धरली, तर वर्षाची वही पन्नास-पंचावन्न एमबीची. मोबाईलवर आलेल्या एखाद्या लग्नाच्या व्हिडिओएवढी!

येथे एक हिशेब मात्र चुकवू नये. अडगळीतला जुना डेस्कटॉप या कामाला रात्रंदिवस जुंपला आणि तो ८० वॅट खात असेल, तर दिवसाला जवळजवळ दोन युनिट तोच खाईल. बारा युनिटांच्या कमाईवर दोन युनिटांचा मुनीम ठेवणे व्यापाऱ्याला शोभत नाही. दुकानात बिलिंगसाठी कॉम्प्युटर दिवसभर चालूच असेल, तर गोष्ट वेगळी. सोलरची कमाईही दिवसाचीच. नाहीतर २०१२ पासून बाजारात असलेल्या रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्यावा. तो पाचेक वॅटमध्ये भागवतो. दिवसाला युनिटाचा आठवा हिस्सा.

काही पथ्ये पाळणे अत्यावश्यक आहे. प्लेटांकडून येणाऱ्या वायरींत कित्येक शे व्होल्टची एकदिश वीज असते आणि ऊन आहे तोवर ती बंद होत नाही. तिला, किंवा इन्व्हर्टरच्या आतील भागाला, हौशी माणसाने हात लावू नये. वॉरंटीही त्याने जाते. आपले काम माहितीच्या खाचेपुरतेच. माहितीची वायर प्लेटांच्या वायरींना बांधून नेऊ नये. आपल्या भागात वीज पडण्याचे प्रमाण मोठे आहे. म्हणून दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने अलग ठेवणारा, आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि अर्थिंग तपासून घ्यावे. एका वायरीवर मालक एकच असतो. कंपनीची वायफाय कांडी त्याच खाचेत बोलत असेल, तर दोघांचा गोंधळ होतो. अशा वेळी दुसरी खाच आहे का ते पाहावे. कॉम्प्युटरने खाती फक्त वाचावीत, त्यांत लिहू नये. चुकीचा आकडा लिहिला गेला तर इन्व्हर्टरच्या मर्यादा बदलतात. आणि ही वही इंटरनेटवर उघडी टाकू नये. घरात विजेचा वापर कधी असतो, कधी नसतो, यावरून घर कधी रिकामे असते, ते चोरालाही कळते.

कारागीर आपल्याच तालुक्यात आहेत

‘हे सगळे ठीक, पण करणार कोण? नागपूरहून इंजिनिअर बोलवायचा का?’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही कारखान्यांच्या फाटकाकडे बोट दाखवू. ज्या दोन वायरींची ही गोष्ट आहे, त्या सिमेंट उद्योगासारख्या मोठ्या उद्योगांत वर्षानुवर्षे वापरात आहेत. विजेचे मीटर, मोटारींचा वेग बदलणारी यंत्रे, तापमापके यांचे आकडे कंट्रोल रूमपर्यंत नेण्यासाठी आरएस-४८५ आणि मॉडबस हे तेथले नेहमीचे साधन. आपल्या गावांतील कितीतरी आयटीआय झालेले तरुण ठेकेदाराच्या हाताखाली याच वायरी ओढतात, तपासतात. कंत्राट संपले की घरी बसतात, किंवा मिळेल त्या मजुरीवर जातात. ज्या विद्येला कारखाना दाम मोजतो, त्याच विद्येला गावातही गिऱ्हाईक तयार झाले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

धंद्याचे स्वरूप सोपे आहे. जोडणी करून द्यायची, महिन्यातून एकदा वही तपासायची, धूळ दिसली तर प्लेटा धुवायच्या, एका कागदावर ‘या महिन्यात इतके युनिट, मागच्या वर्षी याच महिन्यात इतके’ असा अहवाल द्यायचा आणि वर्षाकाठी ठराविक रक्कम घ्यायची. पन्नास घरे बांधली गेली, तर एका माणसाला बरे काम मिळते. मोबाईल दुरुस्तीचे दुकान, मोटार रिवायंडिंग, केबलचे काम करणाऱ्यांना तर नवे दुकानही काढायला नको. केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण सुरू झाले. प्लेटा बसवण्याचे शिक्षण त्यातून मिळू शकते. बसवणारे हात आता बरेच झाले. बसवल्यानंतर सांभाळणारे हात कमी आहेत, आणि जो माल वीस-पंचवीस वर्षे छपरावर राहणार, त्याचा खरा धंदा सांभाळण्यातच आहे. समाजातील होतकरू मुलांनी इकडे लक्ष द्यावे, असे आम्ही आवर्जून सुचवतो.

या वहीला कागदोपत्रीही किंमत आहे. सूर्यघर योजनेत संच बसवणाऱ्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. प्लेटांच्या उत्पन्नाची हमी तर सहसा पंचवीस वर्षांची असते. पण हमीचा कागद पेटीत ठेवून उपयोग नाही; उत्पन्न घटले, कधीपासून घटले आणि किती घटले, हे दाखवावे लागते. पाच वर्षे उलटल्यावर ‘सुरुवातीपासूनच कमी यायचे’ म्हणणाऱ्याचे कोण ऐकणार? ज्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनची नोंद आहे, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

म्हणून आमची सूचना ही, की सौदा होण्याआधीच तीन गोष्टी विचाराव्यात. एक, इन्व्हर्टरला आरएस-४८५ किंवा तशी माहितीची खाच आहे का, आणि ती वापरल्याने वॉरंटीला बाधा येत नाही, हे लेखी मिळेल का? दोन, रजिस्टरचा तक्ता मिळेल का? तीन, ॲपचे मुख्य खाते आमच्या नावावर आणि आमच्या नंबरवर उघडून मिळेल का? जो एजन्सीवाला तिन्हींना हो म्हणेल, त्याला दोन हजार जास्त मोजावे लागले तरी मोजावेत. जो टाळाटाळ करेल, त्याचा माल स्वस्त असला तरी पुन्हा विचार करावा. दहा गिऱ्हाइकांनी हे प्रश्न विचारले, की अकरावे येण्याआधीच एजन्सीवाला उत्तरे तयार ठेवतो. बाजाराचा नियम सगळीकडे सारखाच.

ज्यांचे संच बसून झाले आहेत, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. इन्व्हर्टरच्या तळाशी एकदा वाकून पाहावे, माहितीपुस्तक शोधून काढावे आणि ओळखीतल्या जाणत्या कारागिराला बोलवावे. तोवर कॉम्प्युटर नसेल तर साधी शाळेची वही चालेल. रोज मगरीबच्या सुमारास इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा दिवसाचा आकडा तारखेसमोर लिहून ठेवावा. घरातले मूलही हे काम करू शकते. सहा महिन्यांनी ती वही जे सांगेल, ते बिलाने कधी सांगितलेले नसेल.